सस्पेन्स खात्यातला मार्टी

ताळेबंद जुळला नाही की आम्ही हिशेबनीस काय करतो, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. मार्चअखेर असते, रात्रीचे अकरा वाजलेले असतात, साहेब कधीच घरी गेलेले असतात आणि दोन बाजूंमधला एकशे सदतीस रुपयांचा फरक काही केल्या हटत नाही. अशा वेळी ते एकशे सदतीस रुपये 'सस्पेन्स' नावाच्या खात्यात टाकायचे, बेरीज जुळवायची आणि शेवटची गाडी पकडायची. पुढच्या वर्षी फरक सापडतो. नाही सापडला तर पुढच्या वर्षीचा ऑडिटर नवखा असावा, एवढीच इच्छा.

हे सांगायचं कारण, 'बॅक टू द फ्यूचर' या सिनेमावर माझा फार जीव आहे आणि त्या सिनेमाचा ताळेबंद जुळत नाही.

३ जुलै १९८५ रोजी अमेरिकेत लागलेला हा सिनेमा. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस. पटकथा त्याची आणि बॉब गेलची. कॅलिफोर्नियातल्या हिल व्हॅली या काल्पनिक गावात मार्टी मॅक्फ्लाय नावाचा सतरा वर्षांचा पोरगा आणि डॉक ब्राउन नावाचा विक्षिप्त शास्त्रज्ञ यांची दोस्ती असते. डॉक डेलोरियन मोटारीचं कालयंत्र करतो. मार्टी तीत बसून २६ ऑक्टोबर १९८५ मधून थेट ५ नोव्हेंबर १९५५ मध्ये जाऊन पडतो, तिथे स्वतःच्या होणाऱ्या आईबापांची पहिली भेट नकळत हाणून पाडतो आणि आई बापाऐवजी त्याच्याच प्रेमात पडते. आता आठवड्याभरात त्या दोघांचं जुळवून द्यायचं, नाहीतर आपण जन्मालाच येणार नाही. शिवाय १२ नोव्हेंबरला रात्री १० वाजून ४ मिनिटांनी गावच्या घड्याळावर वीज कोसळणार आहे, ती पकडून परतही यायचं.

गेलला ही कल्पना सुचली ती वडिलांच्या शाळेचं जुनं वार्षिक चाळताना. वडील त्यांच्या वर्गाचे अध्यक्ष होते हे त्याला तेव्हा कळलं आणि आपण त्यांच्या वर्गात असतो तर आपली मैत्री झाली असती का, असा प्रश्न त्याला पडला. माझ्या वडिलांपुरतं उत्तर मला माहीत आहे. नसती झाली.

मी सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो भाड्याच्या व्हीसीआरवर. शेवटी मोटार आकाशात उडाली आणि पडद्यावर गोष्ट पुढे चालू राहणार असल्याची अक्षरं आली. माझ्या एका मित्राने तोच सिनेमा अमेरिकेतल्या मामाकडे सुट्टीत गेला असताना थिएटरात पाहिला होता. अशी अक्षरं नव्हतीच, असं तो शपथेवर सांगू लागला. मी त्याला खोटारडा म्हटलं, त्याने मला आंधळा म्हटलं, पुढे प्रकरण खानदानावर गेलं. बऱ्याच वर्षांनी समजलं की ती अक्षरं मूळ सिनेमात नव्हतीच. व्हिडिओवर आणताना मागाहून घातली होती. दोघंही खरं बोलत होतो. तोवर मित्राचं लग्न होऊन गेलं होतं आणि मला आमंत्रण नव्हतं.

त्या भांडणातून मी वही घातली. सिनेमात जिथे जिथे घोडं पेंड खातं ती जागा डावीकडे, आणि जगभरच्या भक्तांनी तिचा लावलेला उलगडा उजवीकडे.

पहिली नोंद फोटोची. मार्टीच्या खिशात त्याचा, भावाचा आणि बहिणीचा फोटो असतो. आईबापांचं जुळेनासं झालं तशी ही भावंडं फोटोतून पुसट होऊ लागतात. आधी थोरला डेव्ह, तोही डोक्यापासून, मग लिंडा, मग हा. भक्त म्हणतात, जन्माची शक्यता जशी घटते तसा फोटो विरतो. मला त्यात आमच्या धंद्यातली शिस्त दिसली: जो माल आधी आला तो आधी बाहेर. पण मग फोटो उरतोच कसा? मुलंच नसतील तर त्या रिकाम्या जागेचा फोटो काढला कुणी आणि कशाला? इथे भक्तही गप्प बसतात. एंट्री सस्पेन्समध्ये.

दुसरी नोंद कुत्र्याची. डॉक आपल्या आइन्स्टाइन नावाच्या कुत्र्याला मोटारीत बसवून एक मिनिट पुढे पाठवतो. कुत्रं रात्री १:२० ला गायब होतं आणि १:२१ ला त्याच पार्किंगमध्ये हजर होतं. मधल्या मिनिटात पृथ्वी सूर्याभोवतीच्या आपल्या वाटेवर सुमारे अठराशे किलोमीटर पुढे सरकलेली असते. हिशेबाने कुत्रं अंतराळात पडायला हवं. भक्तांचं म्हणणं, यंत्र गुरुत्वाकर्षणाने पृथ्वीला बांधलेलं असतं. हे मी विनातक्रार मंजूर केलं. कुत्र्याला इजा होणार असेल तर मला कुठलंही स्पष्टीकरण चालतं.

किरकोळ खर्चात बऱ्याच गोष्टी जातात. ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आईच्या माहेरी टीव्हीवर 'द हनीमूनर्स'चा जो भाग चाललेला दिसतो, तो प्रत्यक्षात ३१ डिसेंबर १९५५ ला प्रसारित झाला होता. मार्टी शाळेच्या नाचात जी गिटार वाजवतो, त्या जातीची गिटार १९५८ च्या आधी नव्हतीच. मोटार ताशी ८८ मैलांवर गेली की कालप्रवास होतो. खऱ्या डेलोरियनच्या वेगमापकावर मात्र ८५ च्या पुढे आकडेच नव्हते, कारण तेव्हाच्या अमेरिकी नियमाने तेवढेच दाखवायला परवानगी होती. सिनेमावाल्यांनी खोटा वेगमापक करून बसवला. या नोंदी मी प्रेमाने ठेवल्या आहेत. त्यांचा उलगडा मागणं म्हणजे चहाच्या बिलावर तिकीट लावायला सांगणं.

मोठी रक्कम आईबापांची. लॉरेन आणि जॉर्ज मुलाला वाढवतात, तो सतरा वर्षांचा होतो आणि आपलं लग्न जमवणाऱ्या त्या पोराचंच हे तोंड आहे हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात येत नाही? २०२० साली दिग्दर्शक जेम्स गनने निर्दोष सिनेमांची चर्चा काढली, तेव्हा नट ख्रिस प्रॅटने नेमकी हीच पाचर मारली. शेवटी खुद्द बॉब गेलला खुलासा करावा लागला. सार एवढंच: त्या दोघांना हा पोरगा जेमतेम आठवडाभर भेटला, तोही रोज नाही. शाळेत आठवडाभर आलेला मुलगा तुम्हाला पंचवीस वर्षांनी आठवेल का? मला पटलं. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एका गृहस्थांशी बराच वेळ जुन्या आठवणी काढल्या. ते हॉलचे मॅनेजर निघाले. पण भक्त इथे थांबत नाहीत. १९५५ मध्ये निरोप घेताना लॉरेन म्हणते की मार्टी हे नाव छान आहे. मग तिने ते पहिल्या मुलाला का नाही ठेवलं? तिसऱ्यापर्यंत राखून का ठेवलं? आणि जॉर्ज आता नामांकित लेखक झाला, आयुष्य पालटलं, तरी तीच तीन मुलं, त्याच क्रमाने, त्याच घरात? सस्पेन्स.

एका सिद्धांताला मात्र मी वहीत जागा दिलेली नाही. त्या पार्किंगमध्ये डॉक भरधाव येणाऱ्या मोटारीच्या वाटेत स्वतः उभा राहतो. त्यावरून काही लोक म्हणतात की तो आयुष्याला कंटाळला होता. यंत्र चाललं तर ठीक, नाही चाललं तरी सुटका. मला हे मान्य नाही. त्याने शेजारी मार्टीलाही उभं केलेलं असतं. दुसऱ्याच्या पोराला धरून कुणी असला निर्णय घेत नाही. डॉकला आपलं गणित बरोबर असल्याची खात्री होती, बस.

१९८९ च्या दुसऱ्या भागात तर हिशेबाची पुरती दाणादाण उडते. जॉर्जला शाळेपासून छळणारा बिफ, आता म्हातारा झालेला, २०१५ मधून कालयंत्र चोरतो, १९५५ मध्ये जाऊन तरुण बिफला खेळांच्या निकालांचं पुस्तक देतो आणि गुपचूप २०१५ मध्ये परत येतो. पण सिनेमातच डॉक फळ्यावर काढून दाखवतो की भूतकाळ बदलला की नवी वाट फुटते. मग बिफ जुन्या २०१५ मध्ये परतला कसा? भक्तांचं उत्तर: बदल पोचायला वेळ लागतो. म्हणजे सुधारित दर पुढच्या तिमाहीपासून लागू. परत आलेला बिफ हळूहळू नाहीसा होतो, असं दृश्य चित्रित झालं होतं, पण कापलं गेलं. पडद्यावर तो नुसता कळवळताना दिसतो. आणि मार्टीच्या मैत्रिणीचा चेहराच या भागात वेगळा आहे. आईच्या आजारपणामुळे क्लॉडिया वेल्स येऊ शकली नाही, तिच्या जागी एलिझाबेथ शू आली आणि पहिल्या भागाचा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. भक्तांना त्यातही अडचण नाही: इतिहास बदलला, चेहरा बदलला.

माझ्या बायकोकडे या सगळ्या भोकांना पुरेल असं एकच ठिगळ आहे. ती म्हणते, "सिनेमा आहे तो."

आता हा नाद घरात राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी तेव्हा आमच्या सोसायटीचा खजिनदार होतो आणि गणेशोत्सवाच्या सभेत सांस्कृतिक कार्यक्रमांचा खर्च निघाला. ऑर्केस्ट्रावाल्याने जो आकडा सांगितला त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं. सर्वांत स्वस्त कार्यक्रम सुचवणं हे खजिनदाराचं कर्तव्यच. मी म्हणालो, "एक संध्याकाळ सिनेमा लावू. प्रोजेक्टर माझा भाचा देईल. सहकुटुंब बघण्यासारखा सिनेमा मी निवडतो."

'सहकुटुंब' या शब्दावर ठराव एकमताने मंजूर झाला. या पटकथेला चाळीसहून अधिक वेळा नकार मिळाला होता. बहुतेकांना ती फार सोवळी वाटली होती. एकट्या डिस्नेने, आई मुलाचं चुंबन घेते हे आपल्याकडे चालायचं नाही म्हणून ती परत केली होती. ही माहिती माझ्यापाशी होती. सभेच्या इतिवृत्तात ती आली नाही.

बायकोने एक अट घातली: सिनेमा चालू असताना तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी गणपतीसमोर कबूल केलं.

मांडवात शंभरेक माणसं जमली. एका बाजूला गणपती, समोर पडदा, पुढच्या सतरंजीवर पोरंटोरं, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत ज्येष्ठ. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या माई, ज्यांची सगळी नोकरी पोस्टात गेली आणि ज्या आजही सोसायटीत येणारं प्रत्येक पाकीट उलटून शिक्का वाचतात. त्यांच्या शेजारी बी विंगमधले आप्पा, वीज मंडळातून निवृत्त. मागे महिला मंडळाच्या मोदकांची तयारी.

सुरुवात बरी गेली. कुत्रं गेलं, आलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. १९५५ मध्ये जॉर्ज दुर्बीण घेऊन झाडावर चढला आणि समोरच्या घरात कपडे बदलणाऱ्या मुलीकडे पाहू लागला, तेव्हा मागून कुणीतरी "सहकुटुंब!" असं पुटपुटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. अधूनमधून जीभ शिवशिवत होती, पण शपथ पाळत होतो.

मग नाचाची रात्र आली. शाळेबाहेर मोटार उभी, आत मार्टी आणि लॉरेन. लॉरेन बाटली काढते, सिगारेट पेटवते, त्याच्याजवळ सरकते. पुढचं मला पाठ आहे: ती त्याचं चुंबन घेते, लगेच मागे होते आणि म्हणते की हे काहीतरी चुकतंय, भावाचं घेतल्यासारखं वाटतंय. सबंध सिनेमाची अब्रू त्या एका वाक्यावर उभी आहे.

चुंबन झालं. आणि वाक्याच्या आधी वीज गेली. मोदकांसाठी दोन इंडक्शन शेगड्या एकदम लावल्यामुळे एमसीबी पडला होता.

त्या अंधारात नुसतं बसून राहिलो असतो तर आज मी समितीवर असतो. पण मला वाटलं, लोकांच्या डोळ्यांसमोर ते चुंबन तसंच लटकत राहिलंय. त्यांचा गैरसमज होईल. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "मंडळी, कृपया गैरसमज नको. ती त्याची आई आहे."

तोपर्यंत कुणाचा काही गैरसमज नव्हता. निम्म्या प्रेक्षकांना ते इंग्रजी कळत नव्हतं आणि उरलेल्यांना पोरांच्या गोंगाटात ऐकू येत नव्हतं. ती त्या मुलाची कॉलेजातली मैत्रीण असणार, असं सगळ्यांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकलं होतं आणि मंडळी सुखात होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी मिट्ट काळोखात करून दाखवलं.

"कोण आई?" मागून आवाज आला.

"ही मुलगी. पण आता ती आई नाही. म्हणजे आहे, पण व्हायची आहे."

"गणपतीसमोर?" दुसरा आवाज. आणि कुणीतरी उठून, चाचपडत जाऊन, गणपतीपुढचा पडदा ओढून घेतला. कड्यांचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

मी खुलासा करू लागलो. आजवर कुठल्याही खुलाशाने असं वाटोळं केलं नसेल. तिला ठाऊक नाही की तो मुलगा आहे, असं म्हणालो तर "त्याला तर ठाऊक आहे ना?" असं उत्तर आलं. तो नाइलाजाने बसलाय म्हणालो, तर "नाइलाजाने असं बसतात होय?" अमेरिकेत डिस्नेलाही हीच अडचण आली होती, असं मी दिलासा म्हणून सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं."

या धुमश्चक्रीत मला वाचवलं आप्पांनी. मला निदान तसं वाटलं. "अहो खजिनदार, ते आईचं राहू द्या. त्या मोटारीला वीज किती लागते म्हणाला तो?"

"१.२१ गिगावॅट."

"म्हणजे १२१ कोटी वॅट. अहो, आमची कोयना सगळी मिळून १९६० मेगावॅट. निम्म्याहून जास्त कोयना या एका मोटारीला? आणि ती घड्याळापासून रस्त्यावर आणणार कशाने, त्या वायरने? अर्थिंग कुठाय?"

मी सांगितलं की विजेचा लोळ सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता असतो. शक्ती अफाट, पण ऊर्जा बेताची. आप्पा म्हणाले, "युनिट किती पडले ते सांगा." आमचं चांगलं रंगलं. बऱ्याच वेळाने कुणाच्या तरी लक्षात आलं की मीटर रूमची किल्ली आप्पांच्या खिशात आहे आणि एमसीबी वर करायला तेच जाणार आहेत.

आप्पा गेले आणि तेवढ्यात माई बोलल्या. माईंचा आवाज मोठा नाही, पण पोस्टाच्या खिडकीतून सवय झालेला आहे. त्यांच्यावर कुणी बोलत नाही. "काय एवढं लावलंय? ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला होता, ती गोष्ट नाही का ऐकलीत? मुलीला स्थळ विचारायला गेला. तिथे गाणं चाललं होतं, ते संपेपर्यंत थांबला. ब्रह्मदेव हसून म्हणाले, तू मनात धरलेली स्थळं, त्यांची नातवंडं-पतवंडं सगळी गेली, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. मग तिला बलरामाला दिली."

एक चतुर्युग म्हणजे ४३ लाख २० हजार वर्षं. माझ्या डोक्यात गुणाकार झालाच: ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं, एका गाण्यात आणि विजेशिवाय. कुणा पोराने विचारलं, "आजी, इतकी जुनी मुलगी म्हणजे बलरामापेक्षा केवढी उंच असेल?" माई म्हणाल्या, "होतीच. बलरामाने नांगर लावून तिला खाली ओढली, आपल्या मापाची केली." मी थक्क झालो. पोराने भोक दाखवावं आणि पुराणकाराने ते हजारो वर्षं आधी बुजवून ठेवलेलं असावं! बॉब गेलला यातलं काही जमलेलं नाही.

दिवे आले. माईंनी हुकूम सोडला की पुढचं लावा. राहिलेलं वाक्य आलं, पण त्याच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. जॉर्जने बिफला ठोसा लगावल्यावर वातावरण थोडं निवळलं. नवीन १९८५ मध्ये तोच बिफ मॅक्फ्लायांच्या घरी मोटार पुसताना दिसला, तेव्हा महिला मंडळातून "त्या मेल्याला घरात घेतलाय?" असा सात्त्विक संताप उमटला. ती तक्रार अमेरिकेतही होते. मी हे सांगितलं नाही. शिकलो होतो.

सिनेमा संपला, मंडळी मोदकांकडे वळली. माई खुर्चीतच होत्या. त्यांनी बोटाने मला बोलावलं.

"बाबा रे, तो परत आला तेव्हा त्याने लांबून काय पाहिलं?"

इथे थोडं सांगायला हवं. मार्टी १९५५ कडे निघाला त्या रात्री डॉक गोळ्या लागून पडलेला असतो. परत निघताना, त्याला वाचवायचं म्हणून मार्टी निघाल्या वेळेच्या अकरा मिनिटं आधीची वेळ लावतो. हातात अवघा काळ आहे, दोन दिवस आधी आला असता, तर हा अकरा मिनिटं आधी येतो. आणि वर मोटार बंद पडते. तो धावत पोचतो तेव्हा डॉकवर गोळ्या झाडून झालेल्या असतात आणि दुसरा मार्टी मोटारीतून १९५५ कडे निघून जाताना त्याला दिसतो.

"स्वतःलाच पाहिलं," मी म्हणालो.

"स्वतःला कसा? हा वाढला तो रडक्या बापाच्या आणि दारू पिणाऱ्या आईच्या घरात. तो गाडीतून गेला तो या सुधारलेल्या घरातला. हा वेगळा, तो वेगळा. जो त्या बाईने वाढवला तो गेला, आणि ज्याला तिने वाढवलाच नाही तो येऊन तिच्या घरात झोपला. तिचा खरा मुलगा गेला कुठे?"

वहीतली ही सर्वांत मोठी रक्कम. मी आशेने पहिला सिद्धांत काढला: तोही १९५५ मध्ये जातो, हाच सगळा खटाटोप करतो आणि हाच होऊन परत येतो. माई म्हणाल्या, "त्याचे आईबाप धड होते. त्याला कोण कुणाशी आणि कसं जुळलं ते वेगळंच ऐकवलेलं. तो हेच कसं करील?" मी दुसरा काढला: बदल हळूहळू पोचतो, आपल्या मार्टीच्या आठवणी बदलत जातील आणि दोघं एक होतील. "म्हणजे आपलाही पुसला जाणार. मघाच्या फोटोसारखा." मी तिसरा काढला, भक्तांचा लाडका: डॉकला १९५५ पासून सगळं माहीत होतं. मार्टीने सावध करायला लिहिलेली चिठ्ठी त्याने फाडून टाकली होती, पण ती पुन्हा चिकटवून वाचली, म्हणून तर छातीला चिलखत बांधलं. तेव्हा दुसऱ्या मार्टीचीही त्याने काहीतरी सोय केली असणार.

माई माझ्याकडे बघत राहिल्या. "तीस वर्षं माहीत होतं? आणि त्या आईला दोन ओळी खरडल्या नाहीत? गावात पोस्ट होतं ना?"

माझ्याकडे चौथा सिद्धांत नव्हता. बायको मोदकाची ताटली घेऊन आली आणि म्हणाली, "माई, सिनेमा आहे तो." माईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाल्या, "पुढच्या भागात तरी पत्र येतं का त्याचं?"

पत्र येतं. त्या मुलाचं नव्हे, पण येतं. मी जरा सावरलो. सांगितलं, की दुसऱ्या भागाच्या शेवटी डॉक वीज लागून १८८५ मध्ये फेकला जातो. मार्टी १९५५ मध्ये भर पावसात, रस्त्यावर एकटा. तेवढ्यात वेस्टर्न युनियनचा माणूस मोटारीतून उतरतो आणि त्याला पाकीट देतो. डॉकने १८८५ मध्ये दिलेलं. याच जागी, याच मिनिटाला, अशा वर्णनाच्या मुलाला द्यायचं, अशी सूचना होती. सत्तर वर्षं त्यांनी ते सांभाळलं.

माई खुर्चीत पुढे सरकल्या. "सत्तर वर्षं? आमच्याकडे न घेतलेलं पत्र इतकं ठेवायची सोयच नाही. मुदत संपली की परत, पाठवणारा सापडला नाही तर आरएलओला, म्हणजे बेवारस पत्रांच्या कचेरीला. रजिस्टरात दर वर्षी नवीन पान पडतं. सत्तर पानांवर ही नोंद पुढे ओढली कुणी?" हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. मी, आयुष्यभर शिल्लक पुढे ओढणारा माणूस!

"शिवाय हापिसातल्या लोकांनी पैज लावलेली असते," मी म्हणालो, "की तिथे खरंच कुणी मुलगा भेटेल का. हा माणूस हरतो."

"पैज? ड्युटीवर?" माईंच्या कपाळावर आठी चढली. मग त्यांनी थोडा विचार केला. "बरं, दिलं ते दिलं. सही घेतली का?"

"घेतली. सहाव्या ओळीवर करायला सांगतो."

"मग ठीक आहे," माई म्हणाल्या आणि मोदक उचलला.